बाटलीमागची सव्वाशे वर्षं

आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी, महाड-पोलादपुरात, दारूशी सरकारची झटापट जुनी आहे. हा मुलूख कुलाबा जिल्ह्यात होता तेव्हा, 1892 साली, ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा आला आणि दारू गाळायला लागणारी मोहाची फुलं बाळगण्यावर निर्बंध पडले. पिणाऱ्याची काळजी कुणालाच नव्हती. घरची दारू बंद पडली की अबकारीचं उत्पन्न वाढतं, एवढा साधा हिशेब होता.

स्वातंत्र्यानंतर हेतू बदलला. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं राज्य कोरडं करायचं ठरवलं, पण गूळ-नवसागराच्या हातभट्ट्या काही विझल्या नाहीत. साठच्या दशकात बंदी सैल पडली. पुढे गावातल्या दारूदुकानाचा निकाल लावायला बायकांच्या हाती मतपेटी आली, दारूबंदीची ‘आडवी बाटली’ जिंकली की गावातलं दुकान बंद होऊ लागलं. हा विजय मोठाच. मात्र सवय जडलेला माणूस शेजारच्या गावची वाट धरतो, आणि त्याच्यासाठी गावाकडे तीनच उपाय उरतात: शिव्या, मार नाहीतर वारकऱ्याची माळ. माळ घालून सुटलेली माणसं आहेत. त्यांना भजनाची, वारीची सोबत मिळाली, हे त्यातलं खरं औषध.

व्यसन हा आजार आहे, हे महाराष्ट्राला नीट समजावलं ते 1986 साली पुण्यात सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’नं. गर्द या अमली पदार्थाच्या विळख्यावर अनिल अवचटांनी लिहिलं, ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई मदतीला आले, आणि डॉ. अनिता अवचटांनी केंद्र उभं केलं. तिथे रुग्णाइतकंच त्याच्या बायकोचंही ऐकून घेतलं जाऊ लागलं.

ती समज घाटाखालच्या घरांत अजून पुरती पोचलेली नाही. रोज पिणाऱ्याचे हात सकाळी इतके थरथरतात की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. घोट पोटात गेला की हात स्थिरावतात. बघणाऱ्याला हा माज वाटतो. खरं तर रोजच्या दारूला सरावलेला मेंदू ती तुटताच बिथरतो. म्हणून अशा माणसाला खोलीत कोंडून एकदम दारू तोडणं जिवावर बेतू शकतं: दोन-तीन दिवसांत फिट येते, भास होतात. हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायला हवेत. जेवणात गुपचूप ‘दारू सोडवायची गोळी’ कालवणंही तितकंच घातक, कारण तिच्यावर दारू पडली तर प्रकृती गंभीर बिघडते.

उपचारानंतरचा काळ आणखी अवघड. चाकरमानी मुंबईच्या त्याच खोलीत, त्याच मित्रांत परततो. शिमग्याला, गणपतीला गावी आला की ‘आजच्या दिवस घे’ म्हणणारे भेटतातच. पुन्हा प्यायला म्हणून सगळं वाया गेलं असं नसतं. आजार उलटला, उपचार पुन्हा सुरू करायचे. घरच्यांनी मात्र त्याची उधारी फेडू नये, कामावर त्याच्यासाठी खोटं सांगू नये, आणि तो शुद्धीत असताना दोन शब्द मायेनं बोलावेत. मारहाण सहन करणं ही मदत नव्हे.

सव्वाशे वर्षं आपण बाटलीच्या मागे धावलो. आता तिच्यामागच्या माणसाकडे बघू या. घरात कुणी अडकलं असेल तर लाज बाजूला ठेवा आणि 14446 या मोफत राष्ट्रीय व्यसनमुक्ती क्रमांकावर फोन करा. तो तयार नसला, तरी तुम्ही करा.