तांबं धरून ठेवणारी नांगी

राहुरी-राहात्याकडच्या चुनखडीच्या रानात उसाची पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की शेतकरी ‘केवडा पडला’ म्हणतो आणि कृषी सेवा केंद्रात जाऊन चिलेटेड लोह मागतो. नुसतं हिराकस टाकलं तर लोह जमिनीतच अडकतं, मुळांना लागत नाही. चिलेट हा शब्द ग्रीक, मूळ अर्थ खेकड्याची नांगी. धातूला चहूबाजूंनी धरणारा रेणू म्हणजे चिलेट. पण सगळ्या नांग्या सारख्या नसतात. चुनखडीत ‘ईडीटीए’ लोह सोडून कॅल्शियम धरतो, महागडा ‘ईडीडीएचए’ मात्र लोह सोडत नाही. म्हणजे पकड बाटलीत किती घट्ट आहे याला फारसा अर्थ नाही, त्या मातीत ती टिकते का हे बघायचं. कर्करोगासाठी किरणोत्सारी तांब्याचं औषध बनवणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न आहे. फक्त माती म्हणजे माणसाचं शरीर, आणि ते चुनखडीपेक्षा जास्त लबाड.

तांबं-64चं अर्धायुष्य 12.7 तास. त्याचे पॉझिट्रॉन पेट स्कॅनमध्ये गाठ दाखवतात. त्याचंच भावंड तांबं-67, अर्धायुष्य सुमारे 62 तास. त्याचे बीटा कण गाठीवर मारा करतात. हे तांबं नांगीत धरायचं आणि नांगीला गाठ ओळखणारा पेप्टाइड किंवा अँटिबॉडी जोडायची, अशी रचना. अडचण अशी, की शरीराला तांबं हवंच असतं. यकृतातली प्रथिनं ढिल्या नांगीतून ते काढून घेतात. मग गाठीऐवजी यकृत उजळतं आणि उपचारात मारही त्यालाच बसतो. ‘डोटा’ या प्रचलित नांगीला आठ टोकं, तांब्याला सहा पुरतात, त्यामुळे ती नीट बसत नाही. सहा टोकांची ‘नोटा’ जास्त जुळते. ऑस्ट्रेलियात ॲलन सार्जेसन यांच्या प्रयोगशाळेत घडलेला ‘सार्कोफॅजिन’ तर सहा नायट्रोजनांचा बंद पिंजराच आहे, आणि तांबं त्यात उकळी न देता शिरतं. हे महत्त्वाचं, कारण उकळीला अँटिबॉडी टिकत नाहीत.

यावर रास्त आक्षेप असा, की अमेरिकेत 2020 साली मंजूर झालेलं न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठीचं तांबं-64चं औषध ‘डोटा’वरच बेतलेलं आहे. खरंच आहे. पण तिथे इंजेक्शननंतर 45 ते 90 मिनिटांत स्कॅन घेतात. तेवढ्या वेळात होणारी गळती खपून जाते. उपचारात तांबं-67 दोन-तीन दिवस अंगात काम करणार, तिथे ती खपणार नाही. घड्याळ लांबलं की पकडही तितकी टिकाऊ लागते.

दुसरा आक्षेप: स्कॅनसाठी गॅलियम-68 आणि फ्लोरिन-18 असताना तांबं कशाला? तांबं-64च्या शंभरातल्या साधारण 17-18 अणूंमधूनच पॉझिट्रॉन निघतो, फ्लोरिनच्या 97 अणूंमधून. हिशेब चोख आहे, पण तो मुंबईत बसून केलेला. औषध मुंबईत बनून अहिल्यानगरला पोचायला सहा तास धरले, तर 68 मिनिटांच्या अर्धायुष्याचं गॅलियम जेमतेम अडीच टक्के उरतं, 110 मिनिटांचं फ्लोरिन दहा टक्के. तांबं 72 टक्के. गॅलियम जनरेटरमधून रुग्णालयातच काढता येतं हे मान्य, पण ते यंत्र घेऊन राबवणं प्रत्येक जिल्ह्याला परवडेल असं नाही. शिवाय तपासणी आणि उपचार एकाच धातूवर झाले, की स्कॅनमध्ये औषध जिथे दिसलं तिथेच उपचारातही जाईल असा भरवसा जास्त. गॅलियमने पाहायचं आणि ल्युटेशियमने मारायचं, यात धातू बदलतो आणि नांगीचं वागणंही थोडं बदलतं.

अडतं ते पुरवठ्यावर. भाभा अणुसंशोधन केंद्राने तुर्भ्याच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत तांबं-64 तयार केलेलं आहे. मात्र भट्टीत साध्या तांब्यावर न्यूट्रॉन मारले, की बरंच साधं तांबं तसंच उरतं. दोन्ही एकच मूलद्रव्य, त्यामुळे रसायनाने वेगळी करता येत नाहीत. मग नांगी कितीही भक्कम असो, तिच्या बहुतेक जागा निरुपयोगी तांबंच अडवून बसतं. सायक्लोट्रॉनमध्ये चकतीवर चढवलेल्या निकेल-64वर प्रोटॉन मारले तर ही भेसळ फारशी राहत नाही. पण नैसर्गिक निकेलमध्ये ते एक टक्काही नसतं, आणि शुद्ध करून घ्यावं तर फार महाग. म्हणून मारा झालेल्या चकतीवरचं निकेल कोणी फेकत नाही. आम्लात विरघळवून, तांबं बाजूला काढून, पुढच्या खेपेला पुन्हा चकतीवर चढवतात.