अज्ञान अपत्य : आयकरविषयक दायित्व

अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या अपत्याचे उत्पन्न व त्याच्यावरील खर्च यांचा मातापित्यांच्या आयकराशी असणारा संबंध. अमेरिकेत अवलंबित अपत्याबद्दलच्या करसवलती विभक्त पालकांपैकी सामान्यतः ज्याच्याकडे मूल वर्षातील अधिक रात्री राहते, त्यास मिळतात. भारतात केवळ मूल अवलंबून आहे म्हणून अशी सर्वसाधारण वजावट मिळत नाही. येथे प्रश्न उद्भवतो तो मुख्यतः अपत्याचे उत्पन्न कोणाच्या उत्पन्नात धरावयाचे याविषयी.

आयकर अधिनियम, १९६१ मध्ये १९९२ च्या वित्त अधिनियमाने घातलेल्या तरतुदीनुसार, मातापित्यांचा विवाह अस्तित्वात असेतोवर ज्याचे उत्पन्न अधिक त्या पालकाच्या उत्पन्नात अज्ञान अपत्याचे उत्पन्न मिळविले जाते. विवाह संपुष्टात आल्यावर ते त्या वर्षी अपत्याचा निर्वाह करणाऱ्या पालकाच्या उत्पन्नात मिळवितात. अपत्याने अंगमेहनतीने वा स्वतःच्या कौशल्याने केलेली कमाई यातून वगळलेली आहे. आयकर अधिनियम, २०२५ मध्येही (अंमल १ एप्रिल २०२६ पासून) हे तत्त्व कायम आहे.

पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. चाकणच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या वडिलांचे वार्षिक उत्पन्न रु. १४ लाख, चिंचवडला राहणाऱ्या आईचे रु. ९ लाख व मुलीच्या नावावरील ठेवीचे व्याज रु. ४०,००० आहे. पतिपत्नी वेगळी राहत असून मुलगी आईकडे असली, तरी घटस्फोट झालेला नसल्यास हे व्याज वडिलांच्याच उत्पन्नात जाते. घटस्फोटानंतर आई निर्वाह करीत असल्यास ते तिच्या उत्पन्नात येते. ताबा आईकडे व खर्च वडिलांच्या पोटगीतून असल्यास ‘निर्वाह कोण करतो’ हा वस्तुस्थितीचा प्रश्न ठरतो. केवळ ताब्याच्या हुकुमाने तो सुटत नाही. शिवाय एकदा एका पालकाच्या उत्पन्नात धरलेले असे उत्पन्न पुढील वर्षी दुसऱ्याच्या उत्पन्नात धरावयाचे, तर करनिर्धारण अधिकाऱ्याने त्या दुसऱ्या पालकाचे म्हणणे ऐकून तसे करणे आवश्यक असल्याची खात्री करून घ्यावी लागते.

शिक्षणशुल्काची वजावट ताब्यावर नव्हे, तर प्रत्यक्ष शुल्क भरण्यावर अवलंबून असते. जुनी कररचना स्वीकारणाऱ्या करदात्यास ती दोन अपत्यांपुरती, इतर गुंतवणुकींसह रु. १·५ लाखांच्या एकत्रित मर्यादेत मिळते; नव्या कररचनेत मिळत नाही. दिलेल्या पोटगीची वजावट मात्र कोणत्याच रचनेत नाही.

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ अन्वये न्यायालय अपत्याचा ताबा, निर्वाह व शिक्षण यांविषयी आदेश देऊ शकते आणि ते पुढे बदलूही शकते. अशा आदेशात वा संमतिपत्रात निर्वाहाचा भार आणि शुल्क भरण्याची जबाबदारी कोणावर आहे हे स्पष्ट नमूद असल्यास करविषयक वाद पुष्कळसे टळतात.