यवतमाळातील परवडणारी घरे : निर्णय कोठे होतो?

घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी नगरपरिषदेच्या फलकावर लागली की पुढचे काही दिवस आपल्या धर्मग्रामांतही तिचीच चर्चा सुरू असते. अमुक कुटुंबाचे नाव आले, तमुकाचे वगळले गेले, कोणाची कोणाशी ओळख होती, असे बोलणे होते. ज्यांचे नाव नसते ते अर्जाची पोच हाती घेऊन कार्यालयात जातात आणि पुष्कळदा एकच उत्तर घेऊन परततात : जागेचे कागद नाहीत. या उत्तराचा संताप येणे स्वाभाविक आहे. परंतु ते देणाऱ्या लिपिकाच्या हाती खरोखरच फारसे काही नसते. गरीब कुटुंबांसाठी शहरात जागा राहणार की नाही, हे त्याच्या टेबलावर अर्ज येण्याच्या कितीतरी वर्षे आधी, शहराच्या विकास आराखड्याच्या नकाशावर ठरलेले असते. त्या नकाशावर नागरिकांचे म्हणणे ऐकून सल्ला देणारी एक समिती कायद्याने नेमावी लागते, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. या लेखात तिचीच ओळख करून घ्यावयाची आहे.

प्रथम योजनेकडे पाहू. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २५ जून २०१५ रोजी सुरू झाली. तिचे चार घटक होते, पण यवतमाळसारख्या शहरात लोकांना जो प्रामुख्याने परिचित आहे तो एकच : स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणे. त्यासाठी केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाख रुपयांचे साहाय्य बांधकामाच्या टप्प्यांनुसार मिळते. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असावे, कुटुंबातील कोणाच्याही नावे देशात कोठेही पक्के घर नसावे, आणि घर शक्यतो घरातील स्त्रीच्या नावे किंवा तिच्यासह संयुक्त नावे व्हावे, या अटी आहेत. १ सप्टेंबर २०२४ पासून या योजनेचा दुसरा टप्पा अमलात आला; त्यातही हा घटक आहे. नगरपरिषद प्रकल्प अहवाल करते, तो राज्यस्तरीय समितीकडे आणि तेथून केंद्रीय समितीकडे जातो. ही सारी साखळी पैसे मंजूर करते. जागा देत नाही.

ज्याच्याजवळ जागा आहे त्यालाच घर, असा याचा व्यवहारातील अर्थ होतो. शासनाच्या दृष्टीने जागा असणे म्हणजे नुसते तेथे राहणे नव्हे. नावावर उतारा हवा आणि बांधकामाची परवानगी मिळेल असा भूखंड हवा. यवतमाळ नगरपरिषदेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १ लाख १६ हजारांच्या आसपास होती. त्यानंतर वडगाव, लोहारा, वाघापूर, उमरसरा यांसारखी लगतची गावे नगरपरिषदेच्या हद्दीत आली. अशा हद्दवाढीच्या भागांत शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विकलेले असतात. रेखांकन मंजूर नाही, अकृषक परवानगी नाही, केवळ मुद्रांकावरचा करार आहे, अशा भूखंडावर आयुष्याची पुंजी घालून टिनाचे छप्पर टाकलेली कुटुंबे प्रत्येक वाढत्या शहरात आढळतात. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला तो लागू करण्यात आला. तसेच शासकीय जमिनीवरील १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे घरकुलासाठी नियमानुकूल करण्याचे धोरण राज्याने २०१८ मध्ये आखले. दोन्ही मार्ग उपयोगाचे आहेत. पण ते झालेल्या वस्तीला मागाहून कागद देणारे आहेत. नवी जागा ते निर्माण करीत नाहीत, आणि दरवर्षी लग्न होऊन वेगळा संसार थाटणाऱ्या तरुण जोडप्याला त्यांतून काही मिळत नाही.

नवी जागा मिळण्याचा मार्ग विकास आराखड्यातून जातो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा त्याचा आधार. या कायद्यानुसार शहराचा आराखडा साधारणपणे दर वीस वर्षांनी सुधारावयाचा असतो. प्रारूप आराखडा तयार झाला की कलम २६ प्रमाणे तो राजपत्रातील सूचनेने प्रसिद्ध होतो आणि सूचना व हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत मिळते. आलेल्या हरकती कलम २८ खालील नियोजन समितीपुढे जातात. या समितीत नगरपरिषदेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. म्हणजे लोकांनी निवडलेले तीन आणि विषय जाणणारे चार. (नगरपरिषदेच्या विषय समित्यांमध्ये नियोजन व विकास समिती म्हणून एक समिती असते, ती निराळी, तिची गल्लत करू नये.) ज्यांनी लेखी हरकत दिली आणि सुनावणी मागितली, त्यांना ही समिती बोलावून ऐकते, चौकशी करते आणि नगरपरिषदेला अहवाल देते. नगरपरिषद त्या अहवालाचा विचार करून आराखड्यात बदल करते व तो शासनाकडे पाठवते. अंतिम मंजुरी शासनाची. समितीचा अहवाल हा सल्ला आहे, आदेश नव्हे. तरीही त्याला वजन असते, कारण सबंध प्रक्रियेत सामान्य माणसाला समोर बसवून ऐकण्याची जागा तेवढी एकच आहे.

हे वजन कसे दिसते, यासाठी यवतमाळ सोडून क्षणभर मुंबईकडे पाहावे लागेल. कारण तेथील सुनावणी अलीकडच्या काळात सर्वाधिक गाजली. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या आराखड्याचे पहिले प्रारूप आले तेव्हा त्यात इतक्या चुका निघाल्या आणि हजारोंच्या संख्येने इतक्या हरकती आल्या, की एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ते बाजूला ठेवून नव्याने करण्यास सांगितले. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले. त्यावरही सुमारे ८४ हजार सूचना व हरकती नोंदल्या गेल्या आणि नियोजन समितीने त्यांवर सुनावण्या घेतल्या. त्या आराखड्याचा एक गाभा परवडणाऱ्या घरांचाच होता : दहा लाख घरांसाठी ना-विकास क्षेत्रातील जमिनी खुल्या कराव्यात काय? घरे हवीतच, पण मोकळी जमीन आणि मिठागरे गेली तर पावसाचे पाणी कोठे जाईल, असा प्रतिवाद होता. गावठाणे आणि कोळीवाडे यांच्या सीमा नकाशावर नीट दाखवा, अशीही मागणी होती. मुंबई परिसरातील ईस्ट इंडियन व कोळी ख्रिस्ती कुटुंबांना ती फार जिव्हाळ्याची होती. २०१८ मध्ये आराखडा मंजूर झाला. सगळ्यांचे समाधान झाले असे कोणी म्हणणार नाही. परंतु लिहून दिले आणि सुनावणीला उभे राहिले म्हणून ते म्हणणे कागदावर आले, एवढे निश्चित.

आता यवतमाळात अशी समिती बसते तेव्हा तिच्यापुढे काय काय येते, हे पाहू. पहिली गोष्ट पाणी. शहराची भिस्त अनेक वर्षे निळोणा आणि चापडोह या दोन प्रकल्पांवर होती. २०१८ च्या उन्हाळ्यात टँकरमागे धावलेल्या यवतमाळकरांना पाणीटंचाईविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. गरिबांच्या घरांसाठी आरक्षण टाकावयाचे तर ते शहराच्या कडेला, स्वस्त जमिनीवर टाकण्याचा मोह होतो. पण तेथे जलवाहिनी केव्हा पोहोचेल? यवतमाळात पाणीपुरवठा नगरपरिषद करीत नाही, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण करते. म्हणजे घराची जागा सुचविणारे एक आणि नळ देणारे दुसरे. सुनावणीत शासकीय खात्यांनाही आपले म्हणणे मांडता येते. समितीने प्राधिकरणाला तेथे हा प्रश्न विचारला नाही, तर घरे उभी राहून रिकामी पडण्याची भीती असते.

दुसरी गोष्ट अंतर. धुणीभांडी करणारी बाई, बांधकामावरचा मजूर, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील सफाई कामगार, बाजार समितीतील हमाल, या सर्वांचे काम पहाटे सुरू होते आणि पायी किंवा सायकलने गाठावे लागते. घर पाच किलोमीटर दूर गेले की ऑटोचे भाडे रोजच्या मजुरीतून जाते. जमिनीचा भाव कमी म्हणून दूरची जागा स्वस्त, हा हिशेब नगरपरिषदेच्या दृष्टीने बरोबर असेल. त्या बाईच्या दृष्टीने तो चूक आहे. माझ्या मते समितीपुढील सर्वांत अवघड प्रश्न हाच, आणि तो आकडेवारीने सुटत नाही. त्यासाठी त्या बाईनेच किंवा तिच्या वतीने कोणीतरी तेथे जाऊन सांगावे लागते.

तिसरी गोष्ट आरक्षणाचे आयुष्य. आराखड्यात एखाद्या शेतावर दुर्बल घटकांच्या घरांसाठी आरक्षण पडले, म्हणजे घरे झाली असे नव्हे. कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत ती जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या मुदतीतही (२०१५ च्या दुरुस्तीनंतर ती दोन वर्षांची आहे) संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप व्यपगत होते. मालकावर हा अन्याय होऊ नये म्हणून ही तरतूद आहे आणि ती योग्यच आहे; कोणाची जमीन वर्षानुवर्षे अडवून ठेवणे हेही न्यायाचे नाही. पण नगरपरिषदेच्या तिजोरीत संपादनाचे पैसे नसतात, आणि मोबदला म्हणून देण्याच्या विकास हक्कांना मोठ्या महानगरांत जशी मागणी असते तशी लहान शहरांत सहसा नसते. म्हणून शहाणी समिती आरक्षणे किती टाकली यापेक्षा किती पेलवतील याचा विचार करते, आणि शक्य तेथे खासगी शेताऐवजी शासकीय जमीन सुचविते.

मोठ्या शहरांना आणखी एक साधन आहे. डिसेंबर २०२० पासून राज्यात लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत चार हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या रेखांकनात वीस टक्के वाटा दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी ठेवण्याची तरतूद आहे. परंतु ती दहा लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या महानगरपालिकांपुरती. नागपूर त्यात बसते. अमरावतीसुद्धा बसत नाही, मग यवतमाळचे काय सांगावे! प्रभाग समित्यांचेही तसेच. घटनेच्या अनुच्छेद २४३-एस प्रमाणे त्या तीन लाख व अधिक लोकसंख्येच्या शहरांतच बंधनकारक आहेत. त्यामुळे आपल्यासारख्या शहरात नियोजन समितीची सुनावणी अधिकच मोलाची ठरते. त्या समितीतील तीन सदस्य लोकनियुक्त असावयाचे. पण २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपल्यावर यवतमाळचा कारभार दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती होता. राज्यातील नगरपरिषदांच्या रखडलेल्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या.

येथे आपल्या वाचकांना विशेष लागू पडणारी एक बाब सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. रमाई आवास योजना अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडलेला आहे. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती व मुस्लिम दलितांना मिळालेला नाही. हा दर्जा द्यावा काय, हे तपासण्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्यामुळे दलित ख्रिस्ती कुटुंबाचा रमाई योजनेतील अर्ज फेटाळला गेला, तर तो लिपिकाचा आकस नसून कायद्याची स्थिती आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश इतर मागासवर्गात होतो. आदिवासी ख्रिस्ती कुटुंबांची गोष्ट वेगळी : अनुसूचित जमातीच्या दर्जाला धर्माची अट नाही, म्हणून जात वैधतेचे कागद असतील तर शबरी आवास योजनेचे दार त्यांना खुले आहे. आणि प्रधानमंत्री आवास योजनेत पात्रता उत्पन्नावर ठरते. तिच्या दुसऱ्या टप्प्यात विधवा, एकल स्त्रिया, अपंग, ज्येष्ठ नागरिक यांच्याबरोबर अल्पसंख्याकांनाही प्राधान्यगटात धरले आहे. चुकीच्या योजनेत अर्ज करून दोन-तीन वर्षे वाट पाहणारी कुटुंबे पाहिली की वाईट वाटते.

हरकत लिहिण्यास वकील लागतोच असे नाही. साध्या कागदावर नाव, पत्ता, आराखड्यातील विभागाचा किंवा आरक्षणाचा क्रमांक, सर्वेक्षण क्रमांक आणि म्हणणे लिहावे. 'आम्हाला घर द्या' एवढे लिहिल्यास समितीला त्यावर काही करता येत नाही, कारण घर देणे तिच्या अधिकारात नाही. 'अमुक सर्वेक्षण क्रमांकाची शासकीय जमीन दुर्बल घटकांच्या घरांसाठी राखावी. ती रुग्णालयापासून इतक्या अंतरावर आहे. जवळून जलवाहिनी जाते', असे लिहिल्यास अहवालात त्यावर शिफारस होऊ शकते. शेवटी 'मला प्रत्यक्ष सुनावणी हवी' हे वाक्य न विसरता लिहावे, अन्यथा बोलावणे येणार नाही. पोच घ्यावी आणि जपून ठेवावी. राजपत्र कोणी रोज वाचत नाही; परंतु सूचना स्थानिक वृत्तपत्रांतही येते आणि नकाशा नगरपरिषदेत पाहण्यास ठेवलेला असतो. ज्या धर्मग्रामात निवृत्त तलाठी, शिक्षक किंवा बांधकाम पर्यवेक्षक आहेत, तेथे त्यांना नकाशा वाचून दाखविण्यास सांगावे. तीस दिवस पाहता पाहता निघून जातात.