शकुंतलेची संथ चाल

जर्मनीत बिंगेन ते कोब्लेंझ हा ऱ्हाईन नदीचा टप्पा ६५ किलोमीटरचा. काठांच्या उतारांवर द्राक्षमळे, वर टेकड्यांवर जुने किल्ले आणि खालून सावकाश जाणाऱ्या प्रवासी बोटी. युनेस्कोने २००२ मध्ये या खोऱ्याला जागतिक वारसा ठरवले. तिथली १९१३ साली बांधलेली ‘ग्योथे’ ही चाकांची बोट दुसऱ्या महायुद्धात बुडाली. ती पुन्हा उभारली गेली आणि पुढे वाफेवरून डिझेलवर आली, पण मोडीत निघाली नाही. वऱ्हाडात असा जलप्रवास शक्य नाही. सापन, बिच्छन, चंद्रभागा या पावसाळ्याच्या नद्या. तरीही पीक, इतिहास आणि संथ प्रवास यांची तीच सांगड अचलपूर ते मूर्तिजापूर या सुमारे ७६ किलोमीटरच्या अडीच फुटी रुळांवर होती. त्यांवर धावणारी आणि आता बंद पडलेली गाडी म्हणजे शकुंतला. तिचे संथपण हा दोष समजला गेला. माझ्या मते तेच तिचे खरे भांडवल आहे आणि ते राखले पाहिजे.

तिचा कागदोपत्री इतिहास थोडक्यात असा. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या मुख्य मार्गापर्यंत आणण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी हे रूळ टाकले. स्वातंत्र्यानंतर देशातली रेल्वे सरकारी झाली, पण ही वाट खासगी मालकीचीच राहिली आणि गाडी चालवणारी सरकारी रेल्वे या कंपनीला मोबदला देत राहिली. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि १९२१ साली मँचेस्टरलाच बनलेले वाफेचे इंजिन ही गाडी ओढायला वऱ्हाडात आले. ते १९९४ पर्यंत राबले, मग डिझेल आले. यंत्राइतकीच लक्षात राहण्यासारखी आहेत ती गाडीवरची माणसे. लहान स्थानकांवर कर्मचारी उरले नाहीत, तेव्हा तिकिटे देण्याचे कामही गार्डकडेच आले. फाटकाशी गाडी थांबे, कर्मचारी उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे जाई, मग फाटक उघडून तो पुन्हा चढे. मोजक्या माणसांनी सगळी कामे अंगावर घेतली, म्हणून ही गाडी इतकी वर्षे टिकली.

ही वाट पाहण्याजोगी आहे का? अचलपूर ही १४९० मध्ये स्वतंत्र झालेल्या इमादशाहीची राजधानी. उत्तरेला सातपुड्यावर गाविलगड, त्याच्या दरवाजावर गंडभेरुंड कोरलेला. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला आणि पंधरवड्यात दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला तो सुर्जी-अंजनगावला. शकुंतला त्याच अंजनगावावरून जाई. अचलपूरकडे संत्र्याच्या बागा, अंजनगावच्या शिवारात पानमळे आणि पानपिंपरी, दर्यापूरपासून पूर्णेपर्यंत खारपाणपट्ट्यातली काळी माती आणि पऱ्हाटी. मोटारीतून हे सगळे नुसते मागे पडते. चार तासांच्या गाडीतून माती कुठे बदलली, पाणी कुठे खारे झाले आणि पीक कशामुळे पालटले, हे डोळ्यांना कळते.

आक्षेप रास्त आहेत. शेतकऱ्याला संत्री आणि कापूस वेगाने बाजारात न्यायचा आहे, त्याने पर्यटकांसाठी मागे का राहावे? राहू नये. ब्रॉडगेज हवीच, २०१६ मध्ये तिच्यासाठी सुमारे १५०० कोटींची घोषणाही झाली. पण ऱ्हाईनच्या दोन्ही काठांनी रेल्वे धावते आणि बोटीही चालतात. एकीसाठी दुसरी बुडवावी लागली नाही. दुसरा आक्षेप असा की माथेरानची गाडी मुंबईच्या जिवावर चालते, अचलपूरला कोण येणार? चिखलदरा आणि मेळघाटला जाणारा प्रवासी आजही सहसा अचलपूरला लागून असलेल्या परतवाड्यावरून वर चढतो. त्याला अचलपूरला एक दिवस थांबवेल असे काही हवे, इतकेच.

खऱ्या अडचणी वेगळ्याच आहेत. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे भराव आणि रूळ कायम सांभाळावे लागतात. गाडी बंद पडली की ही देखरेखही थांबते. पुलांची तपासणी, मालकीचा गुंता आणि तोट्याचा हिशेब यांतले काहीच आपोआप सुटणार नाही. माथेरानचा मार्ग २०१९ च्या पावसात खचला आणि पूर्ण मार्गावर गाडी धावायला २०२२ उजाडले. तिथे गाडीची निकड सर्वांना पटली होती, तरी तीन वर्षे लागली. इथे तर अडीच फुटी गाडी राखण्याची निकडच अजून कोणी मान्य केलेली नाही. म्हणून सबंध वाट नाही जमली, तरी अचलपूर ते अंजनगाव एवढा टप्पा अडीच फुटी राखावा आणि नव्या मार्गाचा आराखडा पक्का होण्याआधीच त्याची जागा वेगळी काढावी. लोकांनी गाडीसाठी आंदोलने केली, त्यांच्या मागणीत ही एक ओळ जोडली जावी. रूळ उखडणे किती सोपे असते, हे विदर्भाला ठाऊक आहे. याच कुळीचा दारव्हा-पुसद मार्ग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उखडला गेला आणि पुसदच्या पिढ्या रेल्वेची वाट पाहत राहिल्या.