जनुकांचे भांडार भरले, वाचणारे कुठे आहेत?

पदव्युत्तर जैवमाहितीशास्त्राच्या पहिल्या तासाला मी दरवर्षी फळ्यावर साथीच्या फैलावाची तीन समीकरणे लिहिते. वर्गाची लगेच दोन भागांत फाळणी होते. प्राणिशास्त्र वा सूक्ष्मजीवशास्त्र शिकून आलेल्यांच्या चेहऱ्यावर धास्ती उमटते. अकरावीत गणित सुटले म्हणून त्यांनी कधीच सुटकेचा नि:श्वास टाकलेला असतो. गणित आणि संगणकशास्त्राचे विद्यार्थी निश्चिंत असतात. पण समीकरणातला ‘बाधित’ म्हणजे नेमका कोण, बरा झालेल्याला पुन्हा लागण होईल का, असे विचारताच तेही गप्प होतात.

मग मी त्यांना या समीकरणांचे गाव सांगते. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा गणित पडताळण्यासाठी त्यांनी डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील मुंबईच्या प्लेगबळींचे साप्ताहिक आकडे वापरले होते. मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर. कसौलीच्या पाश्चर संस्थेचे ते संचालकही होते. १८९७ मध्ये सिकंदराबादेत डासाच्या शरीरात हिवतापाचे परजीवी शोधणाऱ्या रोनाल्ड रॉस यांनीच पुढे हिवतापाचे गणित मांडले. जनुकशास्त्राला गणिती पाया देणारे जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. आणि प्रथिनांच्या साखळीला कोणते कोन शक्य आहेत हे दाखवणारा आलेख १९६३ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. प्रथिनांच्या रचना तपासण्यासाठी तो आजही जगभर वापरला जातो. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

सरकारनेही त्याकडे पाठ फिरवली, असे म्हणता येणार नाही. जैवतंत्रज्ञान विभाग १९८६ मध्ये स्थापन झाला आणि त्याच्या साहाय्याने देशभर जैवमाहिती केंद्रांचे जाळे उभे राहिले. पुणे विद्यापीठातील केंद्र १९८७ चे. अलीकडे ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात दहा हजार भारतीयांचे जनुकक्रम नोंदवले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये ही विदा फरिदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्रातून संशोधकांसाठी खुली झाली. एका माणसाच्या जनुकक्रमात सुमारे ३०० कोटी अक्षरे. म्हणजे दहा हजारांची मिळून ३० लाख कोटी.

ही अक्षरे वाचण्याने काय साधते, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. हृदयाच्या स्नायूंशी संबंधित एका जनुकातून २५ अक्षरे गळालेली असण्याचा दोष दक्षिण आशियातील सुमारे चार टक्के लोकांत आढळतो आणि त्याचा हृदय निकामी होण्याशी संबंध आहे, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. युरोपीय लोकांच्या जनुकक्रमांत शोधून हा दोष हाती लागला नसता. असे आणखी किती दोष त्या भांडारात दडले असतील?

ते शोधायला जीवशास्त्र आणि गणित दोन्ही जाणणारी माणसे हवीत. नेमकी त्यांनाच आपल्या व्यवस्थेत जागा नाही. संशोधन पाठ्यवृत्तीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत जीवशास्त्राची प्रश्नपत्रिका आहे, गणिताचीही आहे. दोहोंच्या सांध्यावरची नाही. प्राध्यापकपदासाठी ‘संबंधित विषया’तील पदव्युत्तर पदवी लागते, कोणता विषय संबंधित, हे ज्याचे त्याने ठरवायचे. क्षयाच्या जंतूंमधील औषधप्रतिरोधावर पीएच.डी. केलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीला जीवशास्त्र विभागाने ‘तुम्ही संगणकाच्या’ म्हणून परत पाठवले आणि संगणक विभागाने ‘तुम्ही जीवशास्त्राच्या’ म्हणून. आज ती परदेशी नोकरी करते.

दोष आम्हा शिक्षकांचाही आहे. मागणी वाढली तशी अनेक ठिकाणी अभ्यासक्रम निघाले आणि त्यांत आज्ञावली चालवण्याचे प्रशिक्षण म्हणजेच जैवमाहितीशास्त्र, असा समज रूढ झाला. असा पदवीधर उत्तर काढू शकतो. ते का चुकले, हे त्याला सांगता येत नाही.

याची किंमत आपण मोजली आहे. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या समितीने ऑक्टोबर २०२० मध्ये, खबरदारी पाळल्यास फेब्रुवारीअखेर करोनाची साथ आटोक्यात येईल, असे प्रतिमानाच्या आधारे सांगितले होते. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली. माझ्या मते उणीव समीकरणात नव्हती, त्याखालच्या गृहीतकांत होती. विषाणू बदलला तर काय, प्रतिकारशक्ती ओसरली तर काय, हे प्रश्न गणितज्ञाच्या शेजारी बसून जीवशास्त्रज्ञाने विचारायचे असतात.

उपाय खर्चिक नाहीत. पात्रता परीक्षेत या विषयाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका हवी. पदांच्या जाहिरातींत या पदव्यांचा स्पष्ट उल्लेख हवा. जीवशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासून संख्याशास्त्र आणि कलनशास्त्र हवे. नव्या शैक्षणिक धोरणाने विषयांच्या भिंती सैल केल्याचे सांगितले जाते, त्याची परीक्षा इथेच होईल. फरिदाबादमधील भांडार दरवर्षी वाढत जाईल. ते वाचू शकणारे विद्यार्थी माझ्या वर्गात आजही बसतात. पदवी घेतल्यावर ते कुठे जातील, याचे उत्तर मात्र माझ्याकडे नाही. ते धोरणकर्त्यांनी द्यायचे आहे.