ऑपरेशनसाठी प्रवास कोणी करायचा?

"परदेशात पेशंटला विमानाने नेतात म्हणे, खरं का?" असं गटात विचारलं जातं. खरं आहे. ऑस्ट्रेलियात वस्त्या एकमेकींपासून शेकडो किलोमीटर लांब. तिथे जॉन फ्लिन या पाद्र्याने उडत्या डॉक्टरांची सेवा उभी केली. १७ मे १९२८ रोजी क्लॉनकरी गावातून पहिलं विमान निघालं.

पण डॉक्टरला निरोप कसा द्यायचा? १९२९ साली आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायडलवर चालणारा बिनतारी संच आणला. शिलाई मशीनसारखं पायाने पायडल मारायचं, की वीज तयार. पुढे वस्त्यांवर औषधांची पेटी आली. प्रत्येक औषधाला नंबर. डॉक्टर रेडिओवरून सांगायचे, अमुक नंबरचं द्या. (आपणही रेडिओवाल्या, म्हणून हे जरा लांबवलं.)

तरी विमानाला धावपट्टी लागते, हवा चांगली लागते. काही दुखणी तेवढी थांबत नाहीत. बाळंतपणानंतर फार रक्त गेलं, तर दोन तासांतही बाईचा जीव जाऊ शकतो. गावाजवळच्या दवाखान्यात सोय हवी, ती यासाठी.

क्वीन्सलँड राज्यात १९५९ साली उलटा विचार झाला. सर्जनच विमानाने लहान गावांच्या दवाखान्यात जाऊ लागले. ठरवून करायची ऑपरेशनं तिथेच. बाईला लेकरं सोडून लांब राहायला नको. मात्र सर्जन निघून गेल्यावर टाके, ताप, रक्तस्राव बघायला तिथली नर्स तयारीची हवी. मला वाटतं, खरा भार तिच्यावरच असतो.

आपल्याकडे विमान नाही, १०८ ची गाडी आहे. गरोदर बाईसाठी १०२. पण गाडी नेणार कुठे? ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात सिझेरियन व्हायला ऑपरेशन करणारे डॉक्टर, भूल देणारे डॉक्टर, रक्त आणि शिकलेली नर्स, सगळं एकाच वेळी हजर लागतं. यातलं एक नसलं की टेबल, दिवा असूनही बाईला पुढे पाठवतात, आणि तो वेळ तिचा जातो.

म्हणून आठव्या महिन्यातच आशाताईंना विचारून ठेवा: सिझेरियन जवळ कुठे होतं? भूल देणारे डॉक्टर रात्री, रविवारी येतात का? रक्त तिथेच मिळतं की जिल्ह्याहून आणावं लागतं? सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. कोणी पैसे मागितले तर पावती मागा.