डिव्हिजन जिंकली, मग उरलं काय?

२४ सप्टेंबर २०२५ च्या रात्री सिएटल मरिनर्सनी आपल्या मैदानावर कोलोरॅडो रॉकीजला ९-२ असं हरवलं आणि अमेरिकन लीगच्या वेस्ट डिव्हिजनचं विजेतेपद पक्कं केलं. याआधी हे विजेतेपद त्यांच्याकडे आलं होतं २००१ मध्ये. त्याच सामन्यात त्यांचा कॅचर कॅल रॉली याने मोसमातला साठावा होमरन मारला. दिवसामागून दिवस उकिडवं बसून चेंडू झेलणाऱ्या माणसाने एका मोसमात इतके होमरन मारल्याचं बेसबॉलच्या इतिहासात दुसरं उदाहरण नाही.

सिएटलच्या आसपास, रेडमंड-बेलव्ह्यूकडे, नोकरीनिमित्त गेलेली मराठी माणसं बरीच आहेत. त्यांच्याकडून ‘आमची टीम जिंकली’ असा निरोप आला, की इथल्या क्रिकेटवर वाढलेल्या माणसाच्या मनात आयपीएलचा करंडक उभा राहतो. तिथूनच गोंधळ सुरू होतो.

गैरसमज : म्हणजे फायनलच जिंकली की!

नाही. मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत. त्यांच्या दोन लीग, अमेरिकन आणि नॅशनल. प्रत्येक लीगच्या ईस्ट, सेंट्रल आणि वेस्ट अशा तीन डिव्हिजन आणि प्रत्येक डिव्हिजनमध्ये पाच संघ. १६२ सामन्यांचा मोसम संपला की प्रत्येक लीगमधून सहा संघ प्लेऑफला जातात. तीन डिव्हिजन-विजेते आणि उरलेल्यांतले सर्वांत जास्त सामने जिंकणारे तीन, ज्यांना वाइल्ड कार्ड म्हणतात. त्यापुढे चार पायऱ्या आहेत : तीन सामन्यांची वाइल्ड कार्ड सिरीज, पाचांची डिव्हिजन सिरीज, सातांची लीग चॅम्पियनशिप आणि शेवटी सातांचीच वर्ल्ड सिरीज. डिव्हिजन जिंकणं हा या जिन्याच्या पायथ्याशी पोचण्याचा सन्मानाचा मार्ग आहे, इतकंच.

१९६९ पूर्वी हा जिनाच नव्हता. प्रत्येक लीगमध्ये पहिला आलेला संघ थेट वर्ल्ड सिरीज खेळायचा. आजची बारा संघांची रचना तर २०२२ पासूनची. मरिनर्सची स्थापना १९७७ ची आणि तीस संघांत वर्ल्ड सिरीज एकदाही न खेळलेला तो एकमेव संघ. सिएटलकरांना डिव्हिजनचं एवढं अप्रूप का, याचं उत्तर त्यात आहे.

गैरसमज : जास्त सामने जिंकणारा संघ वर

तर्काला पटणारी, पण चुकीची समजूत. २०२५ मध्ये मरिनर्सनी ९० सामने जिंकले आणि न्यूयॉर्क यांकीजनी ९४. तरीही प्लेऑफमध्ये मरिनर्सना दुसरं मानांकन आणि यांकीजना चौथं. कारण पहिली तीन मानांकनं डिव्हिजन-विजेत्यांसाठी राखीव असतात. यांकीजच्या ईस्ट डिव्हिजनमध्ये टोरंटो ब्लू जेजनीही ९४ जिंकले होते. विजेतेपद टोरंटोला गेलं आणि यांकीज वाइल्ड कार्डच्या रांगेत. सेंट्रलमध्ये क्लीव्हलँड गार्डियन्सनी ८८ विजयांवर डिव्हिजन मारली आणि तेही यांकीजच्या वर बसले. हे अन्यायाचं वाटेल. मलाही थोडं वाटतं. पण संघ आपल्या डिव्हिजनमधल्यांशी जास्त सामने खेळतात, तेव्हा खरी तुलना शेजाऱ्यांशीच व्हावी, हा यामागचा विचार.

गैरसमज : बरोबरी झाली तर धावा मोजतात

क्रिकेटवाल्याला नेट रनरेट आठवणं साहजिक आहे. बेसबॉलमध्ये तो प्रकारच नाही. तुम्ही १५-० ने जिंका की १-० ने, तक्त्यात नोंद एका विजयाची. २०२१ पर्यंत डिव्हिजनसाठी बरोबरी झाली की सहसा एक जादा सामना खेळवत, ‘१६३ वा सामना’ म्हणून तो प्रसिद्ध होता. २०२२ पासून तो गेला. आता आधी पाहतात ते आपापसांतल्या लढतींत कोण पुढे होतं ते. टोरंटोने यांकीजना मागे टाकलं ते याच हिशेबावर. यांकीजना प्लेऑफ तरी मिळालं. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजचं दुःख मोठं. त्यांचे ८७ विजय, डेट्रॉइट टायगर्सचेही ८७. आपापसांतल्या लढती डेट्रॉइटने जास्त जिंकल्या होत्या, म्हणून शेवटचं वाइल्ड कार्ड त्यांना आणि ह्यूस्टनवाले घरी.

‘मॅजिक नंबर’ या शब्दाभोवतीचं गूढही इथेच उकलतं. हा अंदाज नाही, शाळकरी वजाबाकी आहे : १६३ मधून आघाडीच्या संघाचे विजय वजा करा, मग दुसऱ्या संघाचे पराभव वजा करा. २०२५ च्या सप्टेंबरात मरिनर्स आणि त्यांच्याच डिव्हिजनमधले अ‍ॅस्ट्रोज बरोबरीत असताना ह्यूस्टनमध्ये भिडले आणि मरिनर्सनी तिन्ही सामने जिंकले. तेव्हा मरिनर्सचे विजय ८७, अ‍ॅस्ट्रोजचे पराभव ७२. १६३ वजा ८७ वजा ७२, उरले ४. शिवाय आपापसांतल्या लढतींतही आता सिएटल पुढे होतं, म्हणजे बरोबरी झाली तरी निकाल त्यांच्याच बाजूने. तेव्हा खरं अंतर तीनच. आपला प्रत्येक विजय आणि प्रतिस्पर्ध्याचा प्रत्येक पराभव यातला एकेक खात जातो. मरिनर्सनी २३ तारखेला प्लेऑफ पक्कं केलं आणि २४ ला डिव्हिजन.

आकडा शून्य होईपर्यंत मात्र काहीच पक्कं नसतं. त्याच वर्षी गार्डियन्स एका टप्प्यावर टायगर्सच्या साडेपंधरा सामने मागे होते आणि तरीही डिव्हिजन त्यांनी जिंकली. एवढी पिछाडी भरून डिव्हिजन कुणीच जिंकलेली नव्हती. गंमत पुढे आहे : वाइल्ड कार्ड सिरीजमध्ये हेच दोन संघ क्लीव्हलँडच्या मैदानावर आमनेसामने आले आणि जिंकले टायगर्स.

गैरसमज : शॅम्पेनचा हा उतावळेपणा

डिव्हिजन पक्की झाली की कपाटांवर प्लॅस्टिक ताणून, डोळ्यांवर गॉगल चढवून खेळाडू एकमेकांना शॅम्पेन-बिअरने न्हाऊ घालतात, ते पाहून ‘अजून करंडक कुठे मिळालाय?’ असं वाटतं. पण १६२ सामने साधारण सहा महिन्यांत, जवळपास रोज खेळायचे, मधे विमानप्रवास. ते निभावून पहिलं येणं हे स्वतंत्र कर्तृत्व आहे. पुढच्या दोन आठवड्यांत नशीब फिरलं तरी ते पुसलं जात नाही. आणि उधळणच झाली पाहिजे असंही नाही. २००१ मध्ये मरिनर्सनी डिव्हिजन पक्की केली ती ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अवघ्या आठवडाभराने. त्या रात्री खेळाडू मैदानात गुडघे टेकून बसले, मग अमेरिकेचा ध्वज घेऊन त्यांनी मैदानाला फेरी मारली.

गैरसमज : पक्कं झालं, आता आराम

सगळ्यात जास्त अज्ञान इथे आहे आणि सगळ्यात जास्त कामही इथेच असतं. मुळात डिव्हिजन-विजेत्याला सुट्टी मिळतेच असं नाही. प्रत्येक लीगमधल्या पहिल्या दोन मानांकितांनाच पहिली फेरी माफ असते. २०२५ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सनी आपली डिव्हिजन जिंकली, पण नॅशनल लीगमध्ये त्यांचं मानांकन तिसरं, म्हणून त्यांना सिनसिनाटी रेड्सशी वाइल्ड कार्ड सिरीज खेळावी लागली.

मरिनर्सना माफी होती : मोसम २८ सप्टेंबरला संपला आणि त्यांची डिव्हिजन सिरीज ४ ऑक्टोबरला सुरू झाली. मधल्या पाच दिवसांची खरी किंमत पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, हातात मोजतात. सुरुवात करणाऱ्या पिचरला दोन सामन्यांमध्ये चार-पाच दिवसांची विश्रांती लागते, म्हणून मोसमभर पाच जणांची पाळी फिरत राहते. प्लेऑफमध्ये मधे सुट्टीचे दिवस असल्याने तिघा-चौघांत भागतं. पहिला सामना कुणी टाकायचा, निर्णायक पाचव्याला कोण ताजा असेल, कोणाला राखीव म्हणून ठेवायचं, हे डिव्हिजन पक्की झाल्याच्या दिवसापासून उलटं मोजत आखतात. शेवटच्या दिवसापर्यंत झुंजणाऱ्या संघाला हे सुख नसतं. त्याचा हुकमी पिचर तिथेच खर्च होतो.

सप्टेंबरात संघात २८ खेळाडू ठेवता येतात, प्लेऑफला २६. बाहेरून ताजी भरती करता येत नाही : खेळाडू ३१ ऑगस्टपर्यंत त्या संस्थेत असावा लागतो. मरिनर्सनी जुलैतच अ‍ॅरिझोनाकडून जॉश नेलर आणि युहेनियो सुआरेझ यांना आणलं होतं. यादी प्रत्येक सिरीजला नव्याने देता येते, आणि याचा फायदा सिएटलला झाला. त्यांचा मोसमातला उत्तम पिचर ब्रायन वू छातीच्या स्नायूच्या दुखण्यामुळे डिव्हिजन सिरीजच्या यादीत नव्हता. पुढच्या सिरीजला तो परतला.

नियमही थोडे बदलतात. मोसमात बरोबरी राहिली तर दहाव्या इनिंगपासून एक धावपटू आयता दुसऱ्या बेसवर ठेवतात, म्हणजे सामना लवकर मिटावा. प्लेऑफमध्ये ती सवलत नाही. मरिनर्सच्या डिव्हिजन सिरीजमधला टायगर्सविरुद्धचा पाचवा सामना त्यामुळे १५ इनिंग चालला. जॉर्ज कर्बीने सुरुवात केली. पुढे लोगन गिल्बर्ट आणि लुईस कास्टिलो, म्हणजे एरवी स्वतः सुरुवात करणारे दोघे, मदतीला आले. शेवटी होर्हे पोलँकोच्या फटक्यावर सिएटल ३-२ ने जिंकलं.

गैरसमज : रॉलीचे होमरन वाढतच गेले

प्लेऑफचे आकडे मोसमात मिसळत नाहीत. ६० ते ६०. सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराची मतंही प्लेऑफपूर्वीच दिलेली असतात. तो पुरस्कार यांकीजच्या अ‍ॅरन जजला गेला.

गैरसमज : मोसमातला सर्वोत्तम संघच शेवटी जिंकतो

२००१ च्या मरिनर्सनी ११६ सामने जिंकून १९०६ च्या शिकागो कब्जच्या विक्रमाशी बरोबरी केली आणि लीग चॅम्पियनशिपमध्ये यांकीजपुढे पाच सामन्यांत गारद झाले. २०२२ मध्ये १११ विजयांच्या डॉजर्सना ८९ विजयांच्या सॅन डिएगो पॅड्रेजनी बाहेर काढलं. पाच-सात सामन्यांत दोन पिचर फॉर्मात आले की सहा महिन्यांचा हिशेब कोलमडतो. २०२५ मध्ये सर्वाधिक, ९७ विजय होते मिलवॉकी ब्रुअर्सचे. त्यांना सलग चार सामन्यांत हरवलं पहिली फेरी खेळून आलेल्या डॉजर्सनी, आणि पुढे वर्ल्ड सिरीजही त्यांनीच जिंकली. मरिनर्स लीग चॅम्पियनशिपमध्ये टोरंटोविरुद्ध ३-२ असे आघाडीवर होते. मग सहावा सामना हरले आणि सातव्यात, सातव्या इनिंगला जॉर्ज स्प्रिंगरच्या तीन धावांच्या होमरनने ४-३ असे संपले.